वाटेवरून दिसणारं घर

सैंदाणे सरांना हिरव्या रंगाचा राग होता. तसे ते कुणावर रागावत नसत. वर्गात मुली दंगा करत असल्या तरी हे आपले खिडकीशी उभे. पण एखादीनं बाटलीतला हिरवा उचलून थेट झाडाला फासला की झालंच. तिच्या हातातला ब्रश काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "हा रंग दुकानाच्या फळ्यांना लावतात, माय. झाडाला नाही." मग निळ्यात पिवळा, त्यात चिमूटभर तांबडा घालून काहीतरी मळकट तयार करून द्यायचे. ते मुलींना मुळीच आवडायचं नाही. घरी जाऊन त्या परत बाटलीतलाच हिरवा लावायच्या, आणि आया म्हणायच्या, आता कसं छान दिसतंय!

मी धुळ्याच्या त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. माहेर माझं रावेरचं, केळीच्या मुलखातलं. बदली होऊन आले तेव्हा धुळ्याचं ते कोरडं ऊन आणि बाजरीची भाकरी बघून पहिले काही महिने मला नुसतं रडू यायचं. शिक्षकांच्या खोलीत बसायला जागा मिळाली ती सैंदाणे सरांच्या शेजारी, कारण तिथे कुणी बसत नसे. त्यांच्या डाव्या बाहीला कायम ओला रंग. ब्रश पुसायला त्यांना दुसरं काही सापडतच नसे. माझ्या दोन साड्या त्यांच्या बाहीनं घालवल्या. मी भांडले, तर म्हणाले, "थांबा बाई, वाळू द्या. वाळल्यावर दिसत नाही."

हे "वाळू द्या" त्यांचं सगळ्याला होतं. पगार अडला, वाळू द्या. हेडबाई तणतणल्या, वाळू द्या. माणूस इतका थंड कसा, याचा मला संताप यायचा. ते थंड नव्हते. पण ते कळायला मला फार वेळ लागला.

एकदा मी पाचवीच्या वह्या तपासत होते. 'भारतात तीन ऋतू असतात' असं प्रत्येक वहीत. सरांनी वाकून वाचलं आणि हसले. हसले म्हणजे नाकातून हवा सोडली.

"तीनच का हो बाई?"

"मग किती? सहा लिहायला लावू? वसंत, ग्रीष्म, करत बसू?"

"आमच्याकडे सात आहेत," सर म्हणाले. "मिरग, श्रावण, भादवा, कापसाची दिवाळी, थंडी, शिमगा आणि आखाजी." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचं कौतुक जास्त. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालही आखाजीलाच संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं.

"सण म्हणजे काय ऋतू असतो का सर?" मी म्हटलं.

"तुमच्या पुस्तकात नसेल," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

हे सात ऋतू ते रंगवत होते, हे मला स्नेहसंमेलनात कळलं. हेडबाईंनी हुकूम सोडला होता, की चित्रकलेच्या मास्तरांनी आपली स्वतःची चित्रं मांडावीत, पाहुणे खूश होतात. सरांनी नाइलाजानं हार्डबोर्डवरची सहा तैलचित्रं आणून सभागृहाच्या भिंतीला टेकवली. पाहुणे आले, तालुक्याचे कुणी पुढारी. पांढऱ्या कपड्यांत घामानं भिजलेले. त्यांनी चित्रांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ऋतू आहेत म्हणता, मग वसंत कुठाय? मोर नाही, कोकिळा नाही. एक कोकिळा टाका मास्तर, रौनक येईल."

"टाकू," सर म्हणाले.

"आणि माणसं? एकही माणूस नाही राव चित्रात!"

सरांनी डावी बाही मुठीत घट्ट धरली. संमेलन उरकल्यावर त्यांनी चित्रं गोणपाटात गुंडाळली आणि एकटेच रिक्षात घालून घेऊन गेले. पुन्हा कधीही शाळेत आणली नाहीत.

मला मात्र ती चित्रं सुटेनात. सगळी एकाच जागेची होती, सरांच्या गावच्या घराची. गाव पिंपळनेरच्या अलीकडे, फाट्यापासून गाडीवाटेवर. एक निंब, त्यामागे मातीचं बैठं घर, समोर वाट. बस्स. सहाच्या सहांत हेच. त्यात एवढं काय, असं वाटायचं आणि पुन्हा बघावंसंही वाटायचं. मग एका रविवारी मी सरळ त्यांच्या देवपुरातल्या घरी गेले आणि म्हटलं, मला दाखवा नीट.

त्यांच्या बायकोनं, वत्सलावहिनींनी, चहा ठेवला. दोन खोल्यांचं घर, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला ओळीनं चित्रं. मी भूगोलाची बाई, मला चित्रातलं डोंबल कळतंय! पण माती, वारा, उतार, सावली हे कळतं. तेच बघत बसले.

मिरगाच्या चित्रात पाऊस नव्हताच. आभाळाची नुसती बोटभर पट्टी, तीही मळकी. सगळा खेळ खाली जमिनीवर. पिकून पडलेल्या निंबोळ्या, आणि वाऱ्यानं धूळ घराच्या भिंतीपर्यंत लोटलेली. श्रावणातल्या चित्रात वाटेच्या चिखलात बैलगाडीच्या चाकोऱ्या, त्यात पाणी साठलेलं. आभाळ दिसत होतं ते त्या चाकोरीतल्या पाण्यात. मग भादव्याचं चित्र. एवढं हिरवं, आणि ते हिरवं आजारी. दोन्ही बाजूंनी गवत इतकं माजलेलं की वाट बुजत आलेली आणि घर निम्मं गिळलेलं. तेव्हा मला बाटलीतल्या हिरव्याचं रहस्य कळलं. या माणसाला हिरवं म्हणजे आनंद वाटतच नव्हता.

दिवाळीच्या चित्रात बाभळीच्या काट्यांना कापसाचे धागे लटकलेले. गाड्या गेल्या असणार तिथून, त्यांतून उडालेला कापूस. ओसरीवर कापसाचा ढीग, इतका की दार झाकलेलं. थंडीच्या चित्रात दार लावून घेतलेलं, कौलांवर धूर बसलेला, कशालाच सावली नाही. आणि शिमग्याच्या चित्रात निंब बोडका. फाल्गुनात निंबाची पानं झडतात, आठ-पंधरा दिवस तो असा उघडा असतो, मग तांबूस पालवी फुटते. सरांनी नेमके ते बोडके दिवस धरले होते. झाडाचा आडोसा गेल्यामुळे घर पहिल्यांदा अख्खं दिसत होतं. आणि दार सताड उघडं. आत काळोख.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. आणि मग लक्षात आलं, की मी इतका वेळ झाड बघत होते. झाड बघायचंच नव्हतं. प्रत्येक चित्रात वाट अगदी खालच्या कडेपासून सुरू होत होती, रुंद, आपल्या पायाखालून निघावी तशी, आणि सरळ दारापाशी जात होती. मिरगात दार अर्धं लोटलेलं, श्रावणात उघडं पण पुढे चिखल, भादव्यात दिसेनासं, दिवाळीत कापसाआड, थंडीत बंद, शिमग्यात सताड. ऋतू बदलत होते ते दाराचे.

"सर," मी म्हटलं, "घरात राहणाऱ्याला घर असं दिसत नाही. हे फाट्यावरून चालत येणाऱ्याला दिसतं."

सर बाही चाचपत होते. शाळेत ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून अहिराणी आली. "येनाराले दिसस ते," एवढंच म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मी वहिनींकडे बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी. त्यांनीच मग सांगितलं. शैला, एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना रेल्वेत लागलेल्या एका मुलाबरोबर निघून गेली, दुसऱ्या जातीतल्या. रजिस्टर लग्न केलं. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात राहते म्हणतात. हे सगळं मी या शाळेत येण्याआधीचं.

असं घडतं घराघरांत. चार वर्षं अबोला, मग नातवंड झालं की सगळं निवतं. पण इथे तसं होण्यासारखं राहिलं नव्हतं. आखाजीला खानदेशात पितरांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी लाल घागर, तिच्यात पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी. ज्याच्या त्याच्या नावाची घागर, चुलीत आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची, आणि मेलेलं माणूस त्या दिवशी येऊन पाणी पिऊन जातं असं धरायचं. शैला गेली त्या वर्षी आखाजीला सरांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, त्यांनी आईबापांच्या घागरींशेजारी आणखी एक घागर मांडली. भावकी समोर बसलेली. "ती आपले मरी गयी," आबा म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या सरांच्या हातात दिला.

"आणि सरांनी?"

"भरी," वहिनी म्हणाल्या.

मला त्या क्षणी त्या माणसाची अशी चीड आली! हातात तांब्या दिला म्हणून काय जित्या पोरीची घागर भरायची? आपटायचा होता तिथेच. पण सर म्हणजे सर. आबांनी त्यांना शिकवलं, नोकरीला लावलं, त्यांच्यापुढे त्यांची मान कधी वर झाली नाही.

"एकदा झालं ते झालं," मी म्हटलं. "आता बंद करा ना. दरवर्षी कशाला?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "एकदाव भरी ना बाई, मंग ती दरसाल भरनीच पडस. नही भरी, आन पोरले काही व्हई गयं मंग?"

आबांनी रागानं एकदा मांडलेली घागर पुढे दरवर्षी आईच भरत होती, भीतीनं. नाव घेतलं गेलंय, आता त्या नावाचं पाणी चुकलं तर पोरीच्या जिवावर बेतेल, म्हणून. ते ऐकून मला हसावं की ऊर बडवावा कळेना. आणि जोवर ती घागर आहे तोवर बापाला मुलीला ये म्हणायला तोंड नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? तू ये, तुझी घागर भरून ठेवलीय?

कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून सातवा हार्डबोर्ड उभा होता. मी तो वळवून बघितला. नुसता पांढरा अस्तराचा हात दिलेला, त्यावर धूळ. आखाजीचं चित्र. त्या दिवशी वाटेवरून येणाऱ्याला काय दिसेल हे सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते काढता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी रावेरला जाताना भुसावळला उतरले. सरांना न सांगता. रेल्वे कॉलनीत शोधाशोध करून शैलाचं घर सापडलं. सरांसारखंच लांबट तोंड, पण बोलणं फटकळ. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर इंजिनाचा काळा बुक्का पडत होता, तो झटकत झटकत माझ्याशी बोलत होती.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी तुझ्या वडिलांच्या शाळेत आहे."

"मला वडील नाहीत बाई. मीच नाही तर वडील कुठून असणार? माझी घागर भरतात ना ते?" गावाकडच्या कुणाकडून तरी तिला सगळं कळत होतं. "दरसाल भरतात. एक वर्ष चुकत नाहीत. एवढा राग!"

"राग नाही गं," मी म्हटलं. "तुझी आई भरते. तुला काही होऊ नये म्हणून."

तिनं हातातला सदरा तसाच धरला. मग मोठ्यानं हसली. "मेलेल्या माणसाला काही होऊ नये म्हणून! काय बाई आहे माझी आई!" आणि हसता हसता तोंड फिरवून रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

जरा वेळानं मी चित्रांचं सांगितलं. एकेक चित्र, जसं आठवेल तसं. ती मध्येच विचारायची. भादव्यात वाट बुजलेली दाखवलीय का? बुजतेच ती, साप असतात म्हणून आम्हाला तिकडून जाऊ देत नसत. बाभळीला कापूस? हो हो, आम्ही तो वेचून बाहुल्या करायचो. मी सांगितलं, की सगळी चित्रं फाट्यावरून येणाऱ्याच्या नजरेनं काढलीत, तेव्हा मात्र ती हातातला सदरा पुन्हा पुन्हा झटकत राहिली. मी निघाले तर चहासुद्धा विचारायचा राहिला तिच्याकडून. दारात म्हणाली, "आखाजीचं काय काढलंय?"

"नाही काढलं."

"बरं," ती म्हणाली. अगदी तिच्या बापासारखं.

त्या आखाजीला सरांनी मला गावी जेवायला बोलावलं. खापरावरचे मांडे आणि आमरस खायला या, एकट्या काय करताय धुळ्यात. मी गेले. वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. निंब मात्र गच्च, आणि त्याला झोका बांधलेला. गल्लीतल्या माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. ओसरीत पायरीलगत घागरी मांडलेल्या. एक सरांच्या वडिलांची, एक आईची, आणि कडेला तिसरी, बाकीच्यांपेक्षा जरा लहान. वहिनींनी तिच्यावरचं डांगर मात्र सगळ्यांत मोठं निवडलं होतं. आबा खाटेवर बसलेले, म्हातारे, पण आवाज खणखणीत. सर खांबाला टेकून जमिनीकडे बघत होते.

आधी झोका थांबला. मग गाणं. मी वळून बघितलं तर वाटेवरून शैला येत होती. एकटी. डोक्यावर पदर, चेहरा उन्हानं लालबुंद. बायका कुजबुजल्या. ती कुणाकडे न बघता सरळ ओसरीच्या पायरीपाशी आली. पायरी चढली नाही. खालूनच तिनं घागरी बघितल्या. कुठली आपली हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"हाई मनीच शे ना?" तिनं विचारलं.

तिनं हात लांब करून डांगर उचलून बाजूला ठेवलं, घागर दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. फाट्यापासून चालत आलेली, तहानलेली पोर. घटाघटा पीत राहिली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, पोलक्यात ओघळत होतं. वहिनी "अगं माय, अगं माय" करत दोन्ही हात तोंडावर दाबून खाली बसल्या. राहिलेलं पाणी शैलानं निंबाच्या बुडाशी ओतलं आणि रिकामी घागर पायरीवर पालथी ठेवली.

"आते भरू नका," ती आईला म्हणाली. "मी पी लिधं."

आबा उठले आणि काठी टेकत आत निघून गेले. सर खांबापासून सुटले. त्यांची मान आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या पाठीकडे वळली नाही. ते पायरी उतरून खाली आले, अनवाणी, आणि म्हणाले, "घरमा ये ना माय."

"येस ना," शैला म्हणाली. "पन आज नही. पुढली आखाजीले येसू." एवढं बोलून ती आल्या वाटेनं वळली.

ती बोलल्याप्रमाणे पुढच्या आखाजीला आली. पायरी चढली, घरात गेली, आईच्या गळ्यात पडली. पण सर त्याच्या आधीच, थंडीत, छातीच्या दुखण्यानं गेले होते. त्या वर्षी ओसरीत सरांच्या आईवडिलांच्या घागरींशेजारी एकच घागर वाढली होती, सरांच्या नावाची, ती तिनं भरली. मी त्या दिवशी गेले नाही. मला जाववलं नाही. सातवा हार्डबोर्ड पांढराच राहिला.

मला ते आठवतात ते त्या दुपारचे. शैला वळली तसे सर कुणाची तरी खुंटीवरची छत्री ओढून तिच्या मागे धावले. अनवाणी, त्या भाजत्या मातीवरून. तिला गाठलं, छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागले. मी ओसरीवरून बघत होते, फाटा तिथून सरळ दिसत होता. फाट्यावर बस येईपर्यंत तसेच उभे होते. बस आली, ती चढली, बस गेली. धूळ खाली बसली तरी सर तिथेच होते. त्यांचा छत्री धरलेला हात अजून बाजूला लांब केलेला होता, आणि ते स्वतः उन्हात उभे होते.